सहावा खाना

बिरादार मामांना मी पहिल्याच दिवशी चहा आणायला सांगितलं, आणि त्यांनी तो आणला. त्या कॉलेजातली ही माझी पहिली चूक. पुढच्या चुकांच्या मानाने ती इतकी किरकोळ आहे, की कधीकधी वाटतं, तेवढ्यावरच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

लातूरच्या एका खासगी कॉलेजात मी सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून रुजू झालो होतो. गाव नायगाव, शिक्षण नांदेडला, हातात एमसीएची पदवी आणि डोक्यात तिच्या दुप्पट हवा. सर्व्हर रूममध्ये गेलो तर एक पन्नाशीचे गृहस्थ, चपला दाराबाहेर काढलेल्या, मांडीवर की-बोर्ड घेऊन जुन्या टूथब्रशने त्याच्या फटी घासत होते. अनवाणी बसलाय, ब्रशने घासतोय, म्हणजे हा शिपाईच, असं मी धरून चाललो. चहा सांगितला. ते उठले, चहा आणला, कप सर्व्हरपासून चार हात लांब खिडकीत ठेवला आणि म्हणाले, "इथं घ्या सर. तिकडं नको." मग परत बसून उरलेली बटणं घासायला लागले. कप हातात घेऊन मी खिडकीकडे गेलो. माझ्याच खोलीत मला कुठे उभं राहायचं ते कुणीतरी सांगितलं होतं, आणि मला ते पुरतं कळलंही नव्हतं.

कागदावर ते 'प्रयोगशाळा परिचर' होते. मूळचे निलंग्याकडचे, शेतकरी घरातले. थोरले दोन भाऊ शेती बघायचे. हे केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागले आणि कुणी न सांगता हळूहळू कॉम्प्युटर लॅबकडे सरकले. कॉलेजचे सगळे सर्व्हर त्यांच्या हातचे. लिनक्स ते डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकले होते. त्यांची एक शंभर पानी वही होती, तिच्यात सगळ्या कमांड देवनागरीत लिहिलेल्या: 'सुडो', 'फ्री', 'स्वॅपऑन'. पुढे मराठीत, ती कधी वापरायची आणि कधी नाही. मी त्या वहीला हसलो होतो. त्यांच्यासमोर नाही, एवढी लाज होती. स्टाफरूममध्ये हसलो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. आमच्याकडे शाळा-कॉलेजात शिपायाला मामा म्हणतात. त्यात जिव्हाळा असतो असं सांगणारे लोक मला भेटलेत, पण त्यातल्या एकालाही कुणी कधी 'मामा, पाणी आणा' म्हटलेलं नव्हतं.

मशिनला ते जनावरासारखं वागवायचे. सकाळी आले की सर्व्हरच्या कपाटावर तळवा ठेवायचे, ताप बघितल्यासारखा. 'सर्व्हर डाऊन झाला' असं कधी म्हणाले नाहीत, म्हणायचे, दमलंय. डिस्कच्या आवाजावरून आत काय चाललंय ते त्यांना कळायचं. मी घाईघाईने काही टाईप करायला लागलो की मागून एकच शब्द यायचा, "निधान, सर, निधान." निधान म्हणजे कन्नडात दमानं. निलंग्याकडच्या बोलीत असे शब्द सहज मिसळलेले असतात. मला तो सुरुवातीला 'विधान'सारखा काहीतरी संस्कृत शब्द वाटला होता, आणि मी मान डोलावून दाद दिली होती.

पहिल्या आठवड्यात मी अकलेचे तारे तोडले. लिनक्सवर 'फ्री' नावाची कमांड आहे. ती दिली की मेमरीचा तक्ता येतो, सहा खान्यांचा. एकूण आठ जीबी मेमरी, आणि तिसऱ्या खान्यात, 'फ्री'च्या खाली, जेमतेम दोनशे एमबी. मी ओरडलोच की मेमरी भरली, नवीन मागवा, सर्व्हर मरतोय. मामांनी ब्रश खाली ठेवला.

"सर, तिसरा खाना नका बघू. सहावा खाना बघा."

सहाव्या खान्यात पाच जीबी होते. मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं, आणि ते समजावणं मला आजही पाठ आहे, कारण नांदेडच्या तीन वर्षांत कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. म्हणाले, डिस्क म्हणजे घरातलं बळद. आत, अंधारात, धान्य साठवायची खोली. तिथून एखादी वस्तू आणायला उठावं लागतं. मेमरी म्हणजे ओसरी. एकदा बाहेर आणलेलं मीठ-पीठ घरची बाई परत बळदात नेत नाही, हाताशी ओसरीवरच ठेवते, कारण घडीभरात पुन्हा लागणार. हेच ते कॅश. त्यामुळे ओसरी भरलेली दिसते. पण पाव्हणे आले की तीच बाई डबे सरकवून दोन मिनिटांत जागा करते.

"तिसरा खाना म्हंजे नुसती उघडी पडलेली जागा. तिचा कुणाला काय उपेग न्हाई. सहावा म्हंजे, मागितलाव तर किती मिळंल ती. माणसाचं इचारायचं असलं तरबी त्योच खाना इचारावा."

आणि स्वॅप? स्वॅप म्हणजे माळवद, घराचं मातीचं धाबं. जुनी खाट, तुराट्या, रोज लागत नाही ते सगळं शिडी लावून वर टाकायचं, म्हणजे ओसरी मोकळी. वरचं काही हरवत नाही. आहे तिथंच असतं. फक्त परत आणायचं तर शिडी लावावी लागते, वेळ लागतो. डिस्कची कुरकूर वाढली की मामा म्हणायचे, "शिडीवर वर-खाली चालू हाय." वर टाकायची ही खोड किती ठेवायची त्याचाही आकडा असतो. तो मामांनी साठवरून दहावर आणला होता आणि वहीत लिहिलं होतं, 'अगदीच गरज असंल तरच माळवद'.

मी विचारलं, ओसरीही भरली आणि माळवदही भरलं, किंवा माळवदच नसलं, तर?

"मग कर्नल उठतो."

मशिनचा सगळा कारभार बघणारा मूळ प्रोग्रॅम म्हणजे कर्नेल; त्याला ते कर्नल म्हणायचे, मिलिटरीतल्यासारखं. मी दुरुस्त करायच्या बेतात होतो, पण पुढचं वाक्य ऐकून राहून गेलं. "ज्यानं लई जागा धरली त्याला उचलून बाहेर काढतो. त्यो कुणाच्या कामाला व्हता, काय इचारीत न्हाई."

हे सगळं कळलं असूनही मी काय केलं ते सांगतो. आमच्या संस्थेच्या सचिवांना, ज्यांना सगळे साहेब म्हणत, आकडे आवडायचे. मोठे आणि वाढते. त्यांना सहावा खाना समजावून सांगणं मला जमलं नसतं. तिसरा त्यांना आपोआप समजत होता, कारण 'फ्री' शब्द त्यांना येत होता. म्हणून मी दर पाच मिनिटांनी कॅश पुसून टाकणारी एक ओळ सर्व्हरवर बसवली. तिसऱ्या खान्यात एकदम पाच जीबी उभे राहिले. साहेबांनी पाठ थोपटली. त्याच दिवसापासून लायब्ररीत पुस्तक शोधायला एक चहा होईल इतका वेळ लागू लागला, आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे.

मामा दोन आठवडे काही बोलले नाहीत. मग एक दिवस खिडकीत माझा चहा ठेवून म्हणाले, "सर, दर पाच मिनटाला ओसरी झाडून सगळं बळदात टाकायलाव तुम्ही. मीठ आणायलाबी आत जावं लागायलंय तिला. दमली ती."

ती ओळ त्यांना स्वतः काढता आली असती. पासवर्ड त्यांचेच होते. पण साहेब आणि मी, आम्ही 'सर' लोक. त्यांनी फक्त सांगितलं. मी ती काढली, आणि आकडा का घसरला असं साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणालो, मामांचं म्हणणं पडलं. साहेब म्हणाले, "मामा स्वतः रिकामे बसतात आणि मेमरी मात्र भरून ठेवतात." खोलीत हशा पिकला. त्यात माझाही आवाज होता.

मामा बसलेले दिसायचे, हे खरं. ज्याचं काम नीट चाललंय तो माणूस बसलेलाच दिसतो. मी दिवसभर धावताना दिसायचो, कारण सकाळी केलेली चूक मला संध्याकाळपर्यंत निस्तरायची असायची.

आता दोन ओळींची गोष्ट. मामांची मुलगी नांदेडला कॉम्प्युटरचंच शिकत होती. एकदा सुट्टीत ती वडिलांचं काम बघायला कॉलेजात आली. मामांनी तिला सर्व्हर रूम दाखवली, कपाटावर तळवा ठेवायला लावला. तेवढ्यात दारातून कुणीतरी म्हणालं, "मामा, मीटिंगला पाण्याच्या बाटल्या." मामा गेले. मुलगी तिथेच उभी राहिली. मीही तिथेच होतो. काहीतरी बोलायचं म्हणून तिला विचारलं, तुम्ही लिनक्स वापरता का? ती म्हणाली, "पप्पांनी शिकवलंय," आणि कपाटावरचा हात काढून घेतला.

तांत्रिक सहाय्यकाच्या पदासाठी मामांचा प्रस्ताव किती वर्षं पडून होता हे त्यांनाही नीट आठवत नव्हतं. त्यासाठी त्यांनी बाहेरून डिप्लोमाही केला होता. दर वेळी एकच कागद कमी पडायचा: विभागप्रमुखाची शिफारस. आणि दैवाची गंमत म्हणजे आता कागदावर कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख मी होतो. मुलगी येऊन गेल्यानंतर आठवड्याभराने, की-बोर्ड घासता घासता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "सर, जमलं तर दोन ओळी लिवा माझ्यासाठी. परीक्षेच्या फारमात बापाचं काम काय, असा रकाना असतो. पोरगी तिथं यिऊन अडती."

मी म्हणालो, मामा, दोन काय, वीस लिहितो. त्यांनी पहिल्यांदा मान वर करून बघितलं. "दोन बास," म्हणाले.

उद्या लिहू, परवा लिहू असं करत मी ते लिहिलं नाही. कारण काही नव्हतं. आळस होता, आणि आळसाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, जी तेव्हा मला दिसत होती पण मी बघत नव्हतो. मामा तांत्रिक सहाय्यक झाले असते, तर मी कशाचा प्रमुख उरलो असतो?

आणि मग कॉलेजची तपासणी करायला समिती आली. आमच्याकडे समिती येणार म्हटलं की कॉलेजला चुना लागतो, भाड्याच्या कुंड्या येतात, मोडकी बाकं गच्चीवर जातात. समिती गेली की कुंड्या परत. समितीला ऑनलाईन परीक्षा चालू असताना दाखवायची होती. तिन्ही लॅब भरलेल्या, मुलं पेपर देतायत, साहेब समजावून सांगतायत. मामांच्या प्रस्तावावरही त्याच दिवशी शिफारशीसकट साहेबांची सही व्हायची असं ठरलं होतं. साहेबांनी मला निक्षून सांगितलं, शिफारस आज टेबलावर पाहिजे. मामा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

सकाळी मी स्क्रीनवर शेवटची नजर टाकली, आणि स्वॅपच्या ओळीत सहाशे एमबी वापरलेले दिसले. म्हणजे माळवदावर थोडी अडगळ. नेहमीचीच, निरुपद्रवी. पण मला ती कुंड्यांमधल्या मोडक्या बाकासारखी दिसली. समितीने विचारलं तर? मी स्वॅप बंद करून टाकला. अख्खं माळवदच काढलं. शून्य दिसलं, बरं वाटलं. सर्व्हरला चुना लावणारा महाराष्ट्रातला मी बहुधा एकटाच.

अकराच्या सुमारास समिती दुसऱ्या लॅबमध्ये असताना तिन्ही लॅब एकदम भरल्या. ओसरी भरली. वर टाकायला जागा नव्हती. कर्नल उठला आणि सगळ्यात जास्त जागा धरून बसलेल्याला त्याने बाहेर काढलं. तो परीक्षेचा डेटाबेस होता, म्हणजे त्या क्षणी सगळं घर ज्याच्या जिवावर चाललं होतं तो. सगळ्या पडद्यांवरचे पेपर एका झटक्यात गेले. दोन मुली रडायला लागल्या. साहेब समितीला म्हणाले की हे आपण मुद्दाम दाखवतोय, आणीबाणीचा सराव.

मामा पळत आले नाहीत, चालत आले. चपला दारात काढल्या. लॉग उघडला, कर्नलने कुणाला मारलं ते वाचलं. मग आधी दिलेल्या कमांडींची यादी वर सरकवत नेली आणि एका ओळीवर थांबले. ती ओळ माझ्या लॉगिनखाली होती. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि मी त्यांच्या इस्त्रीच्या कॉलरकडे.

"स्वॅप कुणी काढलं, सर?"

मी म्हणालो, अपडेटमध्ये गेलं असेल.

"व्हय. असंल," ते म्हणाले. यादी बंद केली, स्वॅप लावला, डेटाबेस उठवला. अर्ध्या-पाऊण तासात मुलांचे पेपर जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू झाले. एकाही मुलाचं एकही उत्तर गेलं नाही. समिती तोवर जेवायला गेली होती.

संध्याकाळी साहेबांनी माझ्याकडे लेखी अहवाल मागितला. मी बसलो आणि पहिल्याच बैठकीत तो लिहून काढला. या कामात मला आळस आला नाही. त्यातली मुख्य दोन वाक्यं अशी: 'सदर सर्व्हरवरील चार एमबी स्वॅपची मांडणी श्री. बिरादार, प्रयोगशाळा परिचर, यांनी केलेली आहे. परिचर पदावरील व्यक्तीने अशा तांत्रिक बाबी हाताळणे उचित आहे किंवा कसे, याबाबत निर्णय व्हावा.' बघा, त्यात खोटं काही नाही. कुणावर आरोप नाही. मामांना माझ्याकडून दोन ओळी पाहिजे होत्या, त्या अशा मिळाल्या.

अहवाल फिरून माझ्या फाईलला लागला तेव्हा त्यावर निळ्या शाईत एक बारीक दुरुस्ती होती. 'एमबी' खोडून 'जीबी' केलेलं. घाईत मी चार जीबीचं चार एमबी लिहिलं होतं. ऑफिसात कुणीतरी हुशार दिसतोय, एवढंच मनात आलं आणि मी फाईल बंद केली.

मामांची बदली संस्थेच्या जळकोटच्या शाळेत झाली. भांडार आणि घंटा. जाताना त्यांनी वही माझ्या टेबलावर ठेवली, वर टूथब्रश. ज्या वहीला मी हसलो होतो तिच्यावर मी पुढची तीन वर्षं नोकरी केली.

या वर्षी जुन्या, बाद सामानाची तपासणी करायला मला जळकोटला जावं लागलं. आता मी संस्थेच्या सगळ्या कॉम्प्युटरांचा प्रमुख आहे. मोठा आकडा, तिसऱ्या खान्यातला. शाळेचं भांडार म्हणजे मागची एक लांब खोली. दाराबाहेर चपला. आत खडू, डस्टर, शाई दाराशी हाताच्या अंतरावर. जरा कमी लागणारं त्याच्या मागे. आणि वर लाकडी माळा, त्याला टेकवलेली शिडी. मामा वाळले होते. "या सर," म्हणाले, आणि मी काही सांगायच्या आत चहा आणून खिडकीत ठेवला. "इथं घ्या."

मुलीचं विचारलं. नोकरीला लागली, नांदेडलाच. शेवटच्या फॉर्मात रकाना कसा भरला ते त्यांनी आपणहून सांगितलं: परिचर. "खरं हाय तेच लिवते म्हणली." एवढं बोलून शाईच्या बाटल्या सरळ करायला लागले.

मी तीन वर्षं मनात जुळवलेलं वाक्य काढलं. "मामा, तो अहवाल..."

"वाचला व्हता, सर. माझ्याकडं आला व्हता सहीला." बाटलीचं बूच दाबून बसवत म्हणाले, "त्यात तुम्ही एमबी लिवलं व्हतं. चार एमबीत काय मावतंय. जीबी केलं मी."

मी म्हणालो, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? कमांडींची यादी होती, माझं नाव होतं.

त्यांनी हातातली बाटली फळीवर ठेवली. मग माळ्याकडे बघून म्हणाले, "विसरलो न्हाई मी. वर टाकलंय. रोज रोज कुठं शिडी लावायची."

तेवढ्यात मुख्याध्यापकांचा निरोप आला की तपासणीसाठी जुनी सामान-नोंदवही पाहिजे. ती माळ्यावर होती. मामांनी शिडी सरळ केली, दोनदा हलवून बघितली. मी पुढे होऊन ती धरली. ते अनवाणी चढले. त्यांच्या भेगाळलेल्या टाचा माझ्या डोळ्यांसमोरून वर गेल्या, मग पायजम्याची किनार, मग काहीच नाही. नुसता पुठ्ठे सरकवल्याचा आवाज आणि खाली पडणारी धूळ.

"शिडी धरलाव का, सर?" वरून आवाज आला.

मी हो म्हणालो.

वरचं सरकवणं थांबलं. थोड्या वेळाने त्यांनी परत विचारलं.